आकाशवाणीची धून आणि प्रागची रवानगी-यादी : एका ज्यू कुटुंबाच्या नियतीचा शोध आणि इतिहासाचा विद्यार्थी

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली, ही गोष्ट पदवी स्तरावरील प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. परीक्षेत तो ती अचूक लिहितोही. तथापि हा आकडा त्याच्या मनात काय जागवतो, हा प्रश्न अध्यापकाने स्वतःला विचारला तर समाधानकारक उत्तर मिळतेच असे नाही. पुण्यातील पदपथांवर आणि पिंपरी-चिंचवडमधील रेल्वे स्थानकांबाहेरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेला दिसतो. ‘शिस्तप्रिय’, ‘देशभक्त’, ‘शून्यातून वर आलेला’ ही विशेषणे वर्गातील चर्चेत हिटलरसाठी सहज वापरली जातात. ६० लाखांचा आकडा ठाऊक असणे आणि हे कौतुक वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात निर्वेधपणे नांदू शकतात, ही इतिहासाच्या अध्यापनापुढील खरी अडचण होय.

ही अडचण दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे आकड्याकडून एका कुटुंबाकडे वळणे. जर्मनीत हा मार्ग विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे चोखाळला आहे. १९७३ पासून तेथे शालेय विद्यार्थ्यांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने इतिहास-संशोधन स्पर्धा घेतली जाते. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात पदपथांत पितळी स्मृतिशिला बसविण्यास प्रारंभ केला. बळी ठरलेल्या व्यक्तीच्या अखेरच्या स्वेच्छेच्या निवासासमोर बसविल्या जाणाऱ्या या शिलांची संख्या २०२३ मध्ये एक लाखावर गेली. त्यांवरील नाव, जन्मवर्ष, रवानगीची तारीख आणि मृत्यूचे ठिकाण शोधून काढण्याचे काम अनेक ठिकाणी शाळांतील मुलांनी केले आहे.

आकुर्डीसारख्या औद्योगिक उपनगरातील महाविद्यालयात असे संशोधन शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास त्यातून विद्यार्थ्याच्या हाती काय लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी महाराष्ट्राशी प्रत्यक्ष नाते असलेले एक कुटुंब उदाहरण म्हणून घेतले आहे.

ओळखीच्या सुरामागील अनोळखी माणूस

आकाशवाणीची प्रक्षेपणाआधी वाजणारी धून मराठी घरांतील किमान तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. शिवरंजनी रागाशी नाते सांगणारी ही धून १९३६ च्या सुमारास वॉल्टर कॉफमन यांनी रचली, असे सामान्यतः मानले जाते. तिचे श्रेय इतर संगीतकारांना देणारेही काही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मतभेद उपयुक्तच आहे, कारण सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचाही पुरावा तपासावा लागतो, हा धडा पहिल्याच पायरीवर मिळतो.

कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर वर्षभराने, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी येथे पाश्चात्य अभिजात संगीतासाठी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मैफलींत व्हायोलिन वाजविणारे मेहली मेहता हे पुढे विश्वविख्यात झालेल्या झुबिन मेहता यांचे वडील. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख होते. भारतीय संगीत प्रारंभी त्यांना परके वाटले, परंतु त्यांनी त्याचा चिकाटीने अभ्यास केला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर दाक्षिणात्य रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत सोडल्यावर ते इंग्लंडमार्गे कॅनडात गेले, विनिपेग येथील वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे अध्यापन केले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथपर्यंतची माहिती एका यशस्वी स्थलांतरिताची कहाणी वाटते. विद्यार्थी येथेच थांबला तर त्याच्या हाती एक रंजक चरित्रटिपण येईल. परंतु कॉफमन यांच्या पत्नी कोण होत्या, हा साधा प्रश्न विचारताच कहाणीची दिशा बदलते. गेर्टी हेर्मान या प्रागच्या एली हेर्मान यांच्या कन्या होत आणि एली या फ्रान्झ काफ्का यांच्या भगिनी होत. ‘द ट्रायल’ आणि ‘मेटॅमॉर्फसिस’ या कृतींमुळे ज्याचे नाव मराठी साहित्यविश्वातही सुपरिचित आहे, त्या लेखकाचे कुटुंब अशा रीतीने मुंबईच्या इतिहासाशी जोडले गेले.

तीन बहिणी

काफ्का यांचा मृत्यू १९२४ मध्ये क्षयाने झाला. नाझी सत्तेचा उदय त्यांना पाहावा लागला नाही. त्यांच्या पाठच्या तिघी बहिणी, एली (जन्म १८८९), वाली (जन्म १८९०) आणि ओट्ला (जन्म १८९२), प्रागमध्येच राहत होत्या. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्याने प्राग व्यापले. त्यानंतर ज्यूंना क्रमाक्रमाने नोकरी, व्यवसाय, बँकेतील ठेवी, रेडिओ संच, बागांतील बाके आणि ट्रामचे डबे नाकारण्यात आले. सप्टेंबर १९४१ मध्ये पिवळा तारा अंगावर लावण्याची सक्ती झाली. पुढच्याच महिन्यात रवानगी सुरू झाली.

१६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर १९४१ या अवघ्या १९ दिवसांत प्रागहून पाच आगगाड्यांतून सुमारे ५,००० ज्यूंना व्याप्त पोलंडमधील लॉड्झ येथील बंदिस्त वस्तीत पाठविण्यात आले. एली आणि वाली या दोघी त्यांत होत्या. लॉड्झची वस्ती १९४० च्या वसंत ऋतूतच काटेरी तारांनी बंद करण्यात आली होती आणि तेथे दीड लाखाहून अधिक माणसे आधीच कोंबलेली होती. उपासमार, थंडी व रोगराई यांनी माणसे मरत होती. डिसेंबर १९४१ मध्ये जवळच्या चेल्मनो येथे बंद मोटारींत विषारी धूर सोडून माणसे मारण्यास प्रारंभ झाला. जानेवारी १९४२ पासून लॉड्झमधील ज्यूंना तेथे नेण्यात येऊ लागले. मे महिन्यात पश्चिमेकडून आलेल्या ज्यूंपैकी सुमारे ११,००० जण नेले गेले. सप्टेंबरमध्ये लहान मुले, वृद्ध आणि आजारी अशा १५,००० हून अधिक जणांची पाळी आली. एली आणि वाली यांचा अंत १९४२ मध्ये चेल्मनो येथे झाला असावा, असे चरित्रकार मानतात. निश्चित तारीख सांगणारा कागद नाही. एली यांच्या तीन अपत्यांपैकी युद्धानंतर केवळ गेर्टी उरल्या होत्या.

ओट्ला यांची नियती वेगळी होती. त्यांचे पती योझेफ डाविड ज्यू नव्हते, त्यामुळे विवाह टिकला असेपर्यंत त्यांना काही संरक्षण होते. विवाहविच्छेदानंतर ते संरक्षण संपले. ऑगस्ट १९४२ मध्ये ओट्ला यांना तेरेझिन येथील छावणीत पाठविण्यात आले. त्यांच्या दोन्ही मुली, वेरा आणि हेलेना, वडिलांच्या वंशामुळे प्रागमध्ये राहू शकल्या. ऑगस्ट १९४३ मध्ये पोलंडमधील बियालिस्तोक येथून बाराशेच्या वर ज्यू मुले तेरेझिनला आणण्यात आली आणि सर्वांपासून वेगळी ठेवण्यात आली. त्यांची अदलाबदल होऊन ती सुरक्षित देशात जाणार, अशी बोलवा होती. ५ ऑक्टोबर १९४३ रोजी या मुलांची गाडी निघाली तेव्हा त्यांच्यासोबत जाण्यास तयार झालेल्या ५३ प्रौढांत ओट्ला होत्या. गाडी आउश्वित्झला पोहोचली. मुले आणि सोबतची माणसे तेथे मारली गेली.

प्रागच्या ज्यू दफनभूमीत फ्रान्झ काफ्का यांची आणि त्यांच्या मातापित्यांची समाधी आहे. तिच्या पायथ्याशी तिन्ही बहिणींची स्मृती सांगणारी एक पाटी बसविलेली आहे. त्यांच्या अस्थी तेथे नाहीत.

मुंबईतील आश्रय आणि त्याच्या मर्यादा

आई, मावश्या आणि भावंडे युरोपात अशी संपत असताना कन्या अरबी समुद्राच्या काठावर सुरक्षित होती. ही दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्याला पहिला ऐतिहासिक प्रश्न पडतो : इतर जण का येऊ शकले नाहीत? येथे संशोधनाचा रोख जर्मनीवरून आपल्या देशाकडे वळतो.

१९३४ मध्ये मुंबईत निर्वासित ज्यूंच्या साहाय्यासाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. परंतु प्रवेशाचे अधिकार ब्रिटिश सरकारच्या हाती होते. येणाऱ्याला नोकरीची हमी किंवा कोणा जामीनदाराचा आधार दाखवावा लागे. त्यामुळे आश्रय मिळालेल्यांची संख्या युरोपातील गरजेच्या मानाने अत्यल्प राहिली. जे आले त्यांत गुणी माणसे होती. काफ्का यांच्या परिचयातील समीक्षक व संपादक विली हास हे १९३९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी चित्रपटांसाठी लेखन केले. १९५२ मध्ये काफ्का यांची मिलेना हिला लिहिलेली पत्रे त्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केली. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ मध्ये आल्या आणि १९४८ पर्यंत येथे राहिल्या. मागे राहिलेले त्यांचे कुटुंबीय वंशसंहारात बळी पडले. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना दिलेले प्रोत्साहन आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

आश्रयाला दुसरी बाजूही होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक झाली आणि हिटलरपासून पळून आलेले ज्यूही त्यांत सापडले. अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थक आणि नाझींचे बळी काही काळ एकाच कुंपणाआड राहिले. चौकशी समितीने पुढे बऱ्याच जणांना मुक्त केले. पुरंदर आणि सातारा येथेही परकीय कुटुंबांसाठी निवासछावण्या होत्या. पुरंदरच्या किल्ल्यावर शिवकालाचा अभ्यास करण्यासाठी सहल नेणाऱ्या अध्यापकांनी हे एक पानही विद्यार्थ्यांपुढे उघडावे.

भारतीय जनमताचा प्रश्न याहून नाजूक आहे. पंडित नेहरूंनी ज्यू निर्वासितांना, विशेषतः त्यांतील तज्ज्ञांना, प्रवेश मिळावा असा आग्रह धरला. काँग्रेसमध्ये त्यास विरोधही झाला. महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला आणि मार्टिन बूबर यांनी त्यांना दीर्घ पत्राने उत्तर दिले. त्याच काळात मराठी वृत्तपत्रसृष्टीत इटली व जर्मनी यांच्या ‘पुनरुत्थाना’विषयी कौतुकाचा सूरही उमटत होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या मराठी पत्रांनी काय छापले, हे जुन्या अंकांतून शोधणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी जर्मन भाषा लागत नाही. मराठी वाचण्याची तयारी आणि आपल्याच पूर्वसुरींच्या शब्दांकडे निर्भयपणे पाहण्याची वृत्ती मात्र लागते.

साधने आणि शिस्त

दोन दशकांपूर्वी असे संशोधन महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य होते. आज परिस्थिती बदलली आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने आपला बळींच्या नावांचा संग्रह २००४ मध्ये महाजालावर उपलब्ध केला. त्यात आता ४५ लाखांहून अधिक नावे आहेत. जर्मनीतील आरोल्सन येथील दस्तऐवज २००७ मध्ये संशोधकांना खुले झाले आणि २०१९ पासून त्यांचा मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. चेक प्रजासत्ताकातील बळींची नोंदही अशीच पाहता येते. नाव, जन्मतारीख, अखेरचा पत्ता, गाडीचे सांकेतिक अक्षर आणि गाडीतील क्रमांक एवढा तपशील तीत आढळतो.

ही साधने वापरताना विद्यार्थ्याला तीन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, यादी कोणी केली याचे भान. रवानगी-याद्या मारेकऱ्यांच्या यंत्रणेने तयार केल्या किंवा करवून घेतल्या. तीत माणूस एका क्रमांकाने येतो. याउलट याद वाशेमच्या साक्षपत्रांत आप्ताने किंवा शेजाऱ्याने आठवून लिहिलेली माहिती असते आणि तीत तारखांच्या चुका असू शकतात. पहिला कागद अचूक असून निर्दय आहे, दुसरा जिव्हाळ्याचा असून सदोष असू शकतो. दोन्ही एकमेकांवर पारखून घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘असावा’ या क्रियापदाचा आदर. एली आणि वाली यांचा शेवट चेल्मनोला झाला असावा. या वाक्यातील ‘असावा’ काढून टाकण्याचा मोह तरुण लेखकाला होतो, कारण निश्चित वाक्य अधिक परिणामकारक वाटते. परंतु नोंद नसणे हाही त्या गुन्ह्याचाच भाग आहे. ओट्ला यांचा विवाहविच्छेद त्यांनी मुलींच्या सुरक्षिततेसाठी स्वीकारला की अन्य कारणाने, याविषयीही उपलब्ध पुरावा एकमुखी उत्तर देत नाही. पोकळी कल्पनेने भरणे म्हणजे बळींच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याकडे घेणे होय. हीच शिस्त अतिशयोक्तीपासून वाचवते आणि वंशसंहार घडलाच नाही म्हणणाऱ्यांना संधी देत नाही.

तिसरी गोष्ट निवडीविषयीची. काफ्का यांच्या बहिणींविषयी इतके कळते, कारण त्यांचा भाऊ प्रसिद्ध होता. त्याच पाच आगगाड्यांतील बहुसंख्य माणसांविषयी यादीतील एका ओळीपलीकडे क्वचितच काही सापडते. प्रागच्या पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे ७८,००० बळींची नावे लिहिलेली आहेत. तेथे प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. एली यांच्या शोधाला निघालेल्या विद्यार्थ्याने त्याच यादीतील पुढच्या क्रमांकावरील अनोळखी व्यक्तीचाही शोध घ्यावा. तेथे फारसे काही सापडले नाही, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे.

आकुर्डीतून पाहताना

हे सारे आकुर्डीच्या विद्यार्थ्याने का करावे, हा प्रश्न पालक आणि कधी कधी सहकारी अध्यापकही विचारतील. त्याचे उत्तर परिसरातच आहे. आकुर्डी-चाकण पट्ट्यातील अनेक घरांची उपजीविका जर्मन तंत्रज्ञानाशी निगडित आहे. मालवाहू तीनचाकीसाठी मराठीत रूढ झालेला ‘टेम्पो’ हा शब्दच हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या वाहनाच्या नावावरून आला आणि ते वाहन आकुर्डीत तयार होत असे. युद्धकाळात जर्मनीतील मोठ्या वाहन उद्योगांनी छावण्यांतील कैदी व परदेशी मजूर सक्तीने राबविले. फोल्क्सवागेन आणि डाइमलर-बेन्झ यांनी पुढे स्वतःच इतिहासकारांकडून आपल्या त्या काळाचे संशोधन करवून घेतले. शासन आणि उद्योग यांनी मिळून २००० मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने १६ लाखांहून अधिक हयात पीडितांना भरपाई दिली. यंत्राची अचूकता शिकणाऱ्या तरुणाने त्या अचूकतेचा काळा उपयोग आणि त्याची नंतर दिलेली कबुली, या दोन्ही गोष्टी जाणून घेणे त्याच्या व्यावसायिक शिक्षणाचाही भाग मानावा लागेल.

पुण्यात १८६७ मध्ये पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड प्रार्थनामंदिर ‘लाल देऊळ’ या नावाने सर्वांना ठाऊक आहे. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणात तेलाचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ मराठी बोलत शतकानुशतके निर्भयपणे जगले. ज्यू हा शब्द मराठी समाजाला शेजाऱ्याचा म्हणून ठाऊक होता. हिटलरच्या कौतुकाने या शेजाराचाही विसर पडतो.

आकुर्डीजवळच पिंपरी कॅम्प आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती वसाहत. घर सोडून आलेल्यांच्या कहाण्या तेथील वृद्धांकडून ऐकलेल्या विद्यार्थ्याला ‘मागे राहिलेल्यांचे काय झाले’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तथापि फाळणीतील हिंसा आणि नाझी वंशसंहार यांची तुलना करताना दोहोंची कारणे, यंत्रणा आणि स्वरूप भिन्न होते, हे ध्यानात ठेवावे लागते. दुःख समान म्हणून इतिहास समान ठरत नाही. साम्य पाहून आस्था निर्माण व्हावी आणि भेद पाहून आकलन वाढावे, हा अध्यापनाचा हेतू असावा.

समारोप

गेर्टी कॉफमन यांचे निधन १९७२ मध्ये झाले. काफ्का यांची मूळ हस्तलिखिते १९६१ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सुरक्षित ठेवण्यात आली. ती ज्यांच्या वारसाहक्काची होती त्या हयात भाच्यांत गेर्टीही होत्या. आईची कबर नाही, मामाची हस्तलिखिते मात्र जपली गेली. पतीशी निगडित मानली जाणारी धून त्या देश सोडून गेल्यावरही येथील घराघरांत पहाटे वाजत राहिली आणि ती ऐकणाऱ्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

एका कुटुंबाच्या शोधाने ६० लाखांचे आकलन पूर्ण होते, असा दावा करता येणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने रवानगी-यादीतील एक नाव शोधून काढले, ते जन्मतारखेशी पडताळले, त्या स्त्रीची मुलगी मुंबईत होती हे वाचले आणि शेवटच्या रकान्यात तारीख नाही हे पाहिले, त्याला हिटलरच्या शिस्तीचे कौतुक करताना ती शिस्त कोणासाठी राबली हे आठवल्याखेरीज राहणार नाही. त्याच्या प्रकल्पाला किती गुण द्यावेत हे अध्यापक ठरवतील. शोध अपुरा राहिला तरी तो अप्रामाणिक राहू नये, एवढी अट मात्र त्यांनी आरंभीच घालावी.